स्मरणपत्र क्रमांक तीन

आमच्या घरातून गेलेल्या अर्जाला उत्तर आलं नाही, असं सहसा व्हायचं नाही. ही बढाई नव्हे. भोरला तहसील कचेरीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड होती, तिच्याखाली माझ्या वडिलांचं टेबल होतं, आणि त्या टेबलापुढच्या बाकावर बसून गेलेला कुठलाही माणूस हेच सांगायचा. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांचं शिक्षण दहावीपर्यंत, पण अक्षर इतकं देखणं की कॉम्प्युटर आल्यावरही काही म्हातारी माणसं हट्टाने हातानेच अर्ज लिहून मागायची. टेबलावर जुनाट कॉम्प्युटर, कण्हत-कुंथत चालणारा प्रिंटर, शाईचं पॅड, अंगठा पुसायला एक निळं फडकं. शेजारच्या वेल्हे तालुक्यातल्या लोकांना त्यांची स्वतःची कचेरी होती, तरी आईच्या माहेरची, पासलीची माणसं दोन एसट्या बदलून भोरला यायची. जावयाच्या हातचा अर्ज हवा असायचा त्यांना. अण्णा त्यांना आधी चहा पाजायचे आणि मग विचारायला लागायचे. नाव काय, बापाचं नाव काय, गाव कुठलं, काय झालं, कधी झालं. माणूस भलतीकडे वाहवला की पेन खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "त्ये समदं खरं हाय बाबा, पर मागनी काय?"

अर्जाला उत्तर येण्याचं कारण अक्षर नव्हतं, चिकाटी होती. अण्णांच्या डोक्यात प्रत्येक अर्जाची तारीख असायची. ठरावीक दिवसांत काही हललं नाही, तर माणसाने न सांगताही ते स्मरणपत्र क्रमांक एक तयार ठेवायचे. त्यात नुसती आठवण. क्रमांक दोनमध्ये खेद. आणि क्रमांक तीनमध्ये, न चुकता, शेवटची ओळ अशी: अन्यथा नाइलाजास्तव मला आपल्या कार्यालयासमोर आमरण उपोषणास बसावे लागेल व होणाऱ्या परिणामांस आपले कार्यालय जबाबदार राहील. ही ओळ मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की मला ती पाठ होती. तिच्याखाली सही करून गेलेली माणसं घरी जाऊन पोटभर जेवायची. लिहिणाऱ्याला, सही करणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला, तिघांनाही ठाऊक असायचं की कुणी उपोषणाला बसणार नाही. पत्राखाली 'आपला विश्वासू' लिहितो तेव्हा कुठे कुणाचा विश्वास मोजलेला असतो? अण्णांच्या लेखी ती तशीच एक रीत होती.

मी बारावीला होते. आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायला वैशाली मॅडम होत्या. तरुण, बारीक अंगाच्या, बोलताना सारखा चष्मा वर सरकवणाऱ्या. त्यांनी माझ्या डोक्यात अमेरिकेतल्या एका छोट्या कॉलेजचं भूत घातलं. त्या कॉलेजात परदेशातल्या मोजक्या मुलांचा शिकण्या-राहण्याचा सगळा भार कॉलेज उचलायचं. त्यांची प्रवेशाची एक लवकरची फेरी असे. तीत अर्ज करणाऱ्याने आधीच वचन द्यायचं, तुम्ही घेतलंत तर मी तुमच्याचकडे येईन, दुसरीकडे कुठे जाणार नाही. त्या वचनावर माझी सही, मॅडमची सही आणि अण्णांची सही होती. घरात कॉम्प्युटर नव्हता, म्हणून सगळा अर्ज मी अण्णांच्या टेबलावर भरला. दुपारी बाकावर कुणी नसलं की ते मला खुर्ची द्यायचे आणि स्वतः बाकावर बसायचे. एकदा म्हणाले, "जरा मला बी दाव की काय लिवलंयस." मी पडद्याकडे बघतच म्हणाले, "तुम्हाला नाही कळायचं अण्णा, ते वेगळ्या पद्धतीचं असतं." ते बरं म्हणाले आणि फडक्याने प्रिंटर पुसत बसले. सतरा वर्षांच्या माणसाला आपण काय बोललो हे ऐकू येत नाही. मला ते आता ऐकू येतं, आणि फार नको त्या वेळी ऐकू येतं.

उत्तर डिसेंबरात, एका सकाळी आलं. आई पावटे सोलत बसली होती, अण्णा आंघोळ करून कपाळाला बुक्का लावत होते, आणि मी मोबाईल हातात धरून दारात उभी होते. मी पत्र तीनदा वाचलं. हो नव्हतं. नाही पण नव्हतं. तुमचा अर्ज आम्हाला आवडला, पण आत्ता निर्णय करत नाही, मार्चमध्ये बाकी सगळ्यांबरोबर तो पुन्हा पाहू. दिलेल्या वचनातून तुम्ही मोकळ्या आहात. मधल्या काळात काही नवीन सांगायचं असेल तर एक पत्र पाठवा. एकच, आणि दुसरे कसलेही कागद नकोत.

"मंजी घेतलं का न्हाई घेतलं?" आईने विचारलं.

"दोन्ही नाही."

"आसं कसं आसंल? मानूस हुंबऱ्यात उबा केला तर त्याला आत तरी घ्याया पायजेल न्हाईतर जा म्हनाया पायजेल."

अण्णांनी मात्र आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "तहकूब," ते म्हणाले. "तहकूब झालाय आर्ज. मंजी जित्ता हाय. आगं, नामंजूर व्हनं येगळं आन् तहकूब व्हनं येगळं. तहकुबीवर म्या किती कामं काडलीत."

त्या दिवशी आमच्या घरात खूश असलेला तो एकच माणूस होता. मला त्यांचा राग आला. तो कचेरीतला शब्द, तो अनुभवी सूर, सगळ्याचाच राग आला. मी म्हणाले, "अण्णा, ही भोरची कचेरी नाही." आईने एक पावटा चुलीकडे भिरकावला आणि मला डोळ्यांनी दटावलं.

पुढचे आठवडे मी त्या एका पत्रात अडकून पडले. मॅडम म्हणाल्या, घाई नको, सहामाहीचे गुण हाती येऊ देत, मग लिहू. गुण आले, बरे आले. पण त्यापलीकडे मला नवीन सांगण्यासारखं काय होतं? भोरमध्ये दोन महिन्यांत माणसाचं नवीन काय घडतं? मी लिहायचे आणि खोडायचे. पहिल्या मसुद्यात मी फार गरजू वाटत होते, दुसऱ्यात फार शहाणी. तिसरा मॅडमना आवडला आणि मला आवडला नाही. रात्री डोळा लागायचा नाही. आईने पावट्याची उसळ करावी, तांदळाची भाकरी थापावी, वर लोण्याचा गोळा ठेवावा, आणि मी दोन घास चिवडून उठावं. ताटात खरकटं टाकलेलं आईला चालायचं नाही, पण त्या दिवसांत तिने मला एकदाही टोकलं नाही. माझं उरलेलं ती मुकाट्याने स्वतः खायची. मॅडमनी सांगितलं होतं, आणखी दोन कॉलेजांत अर्ज टाकून ठेव. मी टाकले नाहीत. दुसरीकडे अर्ज केला की हे कॉलेज हातचं जाईल, असं माझ्या मनाने घेतलं होतं. अशी एकेक अंधश्रद्धा भीतीपोटी जन्माला येते आणि शिकल्यासवरल्या माणसाला छळते.

अण्णा रोज संध्याकाळी शेड बंद करून आले की पायावर पाणी घेता घेता विचारायचे, "धाडलं का पत्र?" नाही म्हटलं की मान हलवायचे. एकदा म्हणाले, "मुदत लई जाऊ द्याची नसती पोरी. पुढचा मानूस इसरतो." मी वहीत तोंड घालून बसले. ते पुढे काही बोलले नाहीत. त्यांचं ते न बोलणं म्हणजे काम हातात घेणं असतं, हे मला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

जानेवारीत, एका शुक्रवारी, तास चालू असताना शिपाई मला बोलवायला आला. वैशाली मॅडम स्टाफरूममध्ये एकट्याच होत्या. त्यांनी दार लोटलं, मला बसवलं, माझा हात हातात घेतला. मला वाटलं, नकार आला.

"तू जेवतेस ना?" मॅडमनी विचारलं.

मला प्रश्नच कळला नाही.

"खरं सांग. घरी काही झालंय का? तू काही खात नाहीयेस, असं चाललंय का?"

"नाही मॅडम. म्हणजे भूक नसते, पण जेवते."

त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. त्या कॉलेजच्या प्रवेश कार्यालयातल्या बाईंचं पत्र होतं, मॅडमना आलेलं. तुमच्या विद्यार्थिनीने आम्हाला कळवलं आहे की निर्णय झाला नाही तर ती मरेपर्यंत अन्नत्याग करणार आहे आणि त्याची जबाबदारी आमच्यावर राहील. आम्ही फार काळजीत आहोत. ती सुरक्षित आहे का? तिच्याजवळ कुणी मोठं माणूस आहे का? तुम्ही आजच्या आज तिला भेटाल का?

मी ते वाचलं आणि मला हसू आलं. खरंच हसू आलं, दोन-तीन क्षण. कारण ओळ इंग्रजीत असली तरी मी तिला ओळखलं होतं. मी मॅडमना काहीही न सांगता उठले आणि दप्तर तिथेच टाकून कचेरीकडे पळत सुटले.

शेडमध्ये बाकावर चार माणसं होती. मी अण्णांना बाजूला व्हा म्हणाले आणि मेल उघडलं. माझा अर्ज याच कॉम्प्युटरवरून गेलेला, त्यामुळे माझं मेल तिथे उघडंच असायचं. पाठवलेल्या पत्रांत एकाखाली एक तिन्ही होती. स्मरणपत्र क्रमांक एक, दोन, तीन. दर सोमवारी एक. खाली माझं नाव. कचेरीच्या इंग्रजीत, संदर्भ क्रमांकासकट, उपरोक्त विषयास अनुसरून. सोबत जोडलेले कागद: रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि पोलीस पाटलाचा वर्तणुकीचा दाखला, की सदर मुलगी माझ्या चांगल्या परिचयाची असून तिच्याविरुद्ध कोणताही गुन्हा नाही. आणि तिसऱ्याच्या शेवटी ती ओळ. वर कॉलेजची दोन न उघडलेली उत्तरंही येऊन पडली होती; नकाराच्या भीतीने मी मोबाईलवर मेल बघणंच सोडलं होतं. कृपया आणखी काही पाठवू नका, असं एक. आणि तुम्ही ठीक आहात का, असं दुसरं.

"हे तुम्ही पाठवलंत?"

"व्हय," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून थोडा अभिमान होता, तो मला आजही आठवतो. "आलं का उत्तर?"

मी काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. पण एक वाक्य लिहायला हवं, नाहीतर हे प्रकरण खोटं ठरेल. बाकावरच्या चार माणसांसमोर मी म्हणाले, "तुमचं इंग्रजी वाचून ते हसत असतील अण्णा, आणि खाली नाव माझं आहे. सगळ्या जगाचे अर्ज लिहिता, पण तुम्हाला स्वतःला काय कळतं? माझं वाटोळं केलंत तुम्ही." अण्णांनी पेनाचं टोपण लावलं. समोरच्या म्हाताऱ्याचा अर्ज अर्धा झाला होता. "बाबा, उंद्या या," ते त्याला म्हणाले. त्यांनी बाकावरच्या माणसाला उद्या या म्हटलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी त्याच दुपारी त्या बाईंना कळवलं की मुलगी खुशाल आहे, गैरसमज झाला, ती स्वतः लिहील. पण काय लिहायचं? वडिलांनी माझ्या नावाने पत्रं पाठवली असं लिहावं, तर माझा मूळ अर्ज तरी माझा कशावरून, असं ते विचारणार. मीच लिहिलं म्हणावं, तर डोक्यावर परिणाम झालेली मुलगी ठरणार. मॅडमनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, "खरं ते लिही, पण विचार करून लिही. सोमवारपर्यंत पाठवू." मधे शनिवार-रविवार होता. घरात भांड्यांचे आवाज मोठे झाले होते.

रविवारी पासलीला जायचं आधीच ठरलेलं होतं. दर वर्षी जानेवारीत आम्ही मामाकडून वर्षाचा तांदूळ आणायला जायचो. मी येत नाही म्हणाले, तर आई म्हणाली, "येत न्हाईस तर नगं यिऊ, पर मामाला काय सांगू त्ये सांग." म्हणून गेले. चेलाडीला दुसरी एसटी धरली. आई मधे, एका बाजूला मी, एका बाजूला अण्णा. पासलीचे गेनूबाबा वेल्ह्याला चढले आणि नेमके आमच्या पुढच्या बाकावर येऊन बसले. अण्णांचे जुने पक्षकारच ते. त्यांनी मागे वळून रामराम घातला आणि मला म्हणाले, "पोरी, तुज्या बापामुळं आमच्या वस्तीवर इजंचा खांब आला. तिसऱ्या पत्रात आसली वळ लिवली, आसली वळ लिवली, का म्या वाचून घेतल्यावर मला सोताला भ्या वाटलं!" ते मोठ्याने हसले. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. कापलेल्या भाताची खाचरं, वाळलेला पेंढा, त्यात चरणारी गुरं.

मामाच्या अंगणात तांदळाची पोती शिवून ठेवलेली होती. मामीने नव्या इंद्रायणीचा भात, काळ्या घेवड्याची आमटी आणि सुकटीची चटणी केली होती. त्या घरात ताटाला ताट लागतं, आणि पाहुण्याने दुसऱ्यांदा भात घेतला नाही तर मामी रुसते. अण्णांनी ताटाभोवती पाणी फिरवलं, एक शीत तोंडात टाकलं आणि ताट पुढे सारलं. मामा म्हणाला, "दाजी, बरं न्हाई का?" अण्णा म्हणाले, पित्त झालंय. मोरीवर हात धुताना आई माझ्या कानाशी लागली. "शुक्रवारपास्नं निस्ता चा घेतोय. म्या किती इनवलं. तुला दिसत न्हाई का?" मला दिसलं नव्हतं. मी माझ्या काळजीत इतकी बुडाले होते की समोरचा माणूस तीन दिवस उपाशी आहे, हे मला दिसलं नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी मागच्या पडवीत वही घेऊन बसले. तिथे मोबाईलला रेंज नव्हती, त्याचं बरंच वाटत होतं. अण्णा आले. जोत्यावर, माझ्यासमोर, पण थोडे खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. टेबलापुढच्या बाकावर माणसं बसायची, अगदी तसे.

"माज्या नावानं एक आर्ज लिवून दे," ते म्हणाले.

"कुणाला?"

"त्या कालेजला. इंग्रजीत. माजं इंग्रजी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तूच लिव."

मी वहीचं कोरं पान काढलं. मग माझ्या तोंडून त्यांचेच प्रश्न निघाले. दुसरं काही येतच नव्हतं.

"अर्जदाराचं नाव?"

त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, बापाचं, आडनाव. माझ्या वडिलांना स्वतःचं नाव असं सावकाश, कुणी लिहून घेत असल्यासारखं उच्चारताना मी पहिल्यांदा ऐकलं.

"धंदा?"

"लोकांचं आर्ज लिवनं."

"काय झालं?"

"मुलीचा आर्ज तहकूब झाला. आमच्याकडं तहकूब आर्जाला मानूस इचारत ऱ्हायला न्हाई, तर त्यो आर्ज खाली जातो, हे मी वीस वर्सं बगितलंय. म्हनून मी तिच्या नावानं तीन पत्रं धाडली. तिला ठावं नव्हतं. तिनं मला बजावलं हुतं का तिकडची रीत येगळी. मी ऐकलं न्हाई." ते थांबले. "आन् उपासाचं लिव. त्यात काय खरं न्हाई म्हनावं. ती आमची लिवायची रीत हाय. कुनी उपाशी ऱ्हात न्हाई."

माझं पेन थांबलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते टोपीकडे बघत होते. मी ती ओळ लिहिली.

"मागणी काय?"

त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलली, झटकली आणि परत ठेवली. अंगणात मामी सुपाने तांदूळ पाखडत होती, त्याचा आवाज येत होता. हजारो माणसांना विचारलेला प्रश्न होता तो, आणि त्यांना स्वतःला त्याचं उत्तर देता येत नव्हतं.

"लिव," ते शेवटी म्हणाले, "का माज्या मुलीला घ्याच आसं माजं म्हननं न्हाई. तेवडा मला आधिकार न्हाई. पर तिला नगं म्हनायचं झालं, तर तिच्या आर्जावरनं नगं म्हना. माज्या पत्रावरनं म्हनू नगा. माजी पत्रं तिच्या कागदातनं काडून टाका. एवडीच मागनी."

मी लिहीत असताना माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि वहीवर पडत होतं. अण्णा म्हणाले, "कागुद खराब व्हतोय." मी कागद बदलला. मला त्यांची माफी मागायची होती आणि मी मागितली नाही. आत जाऊन मामीला म्हणाले, अण्णांना ताक-भात कालवून दे. ते जेवले. मीही त्यांच्यासमोर बसून जेवले, दुसऱ्यांदा, आणि दोनदा भात घेतला.

सोमवारी त्यांचा अर्ज त्यांच्या स्वतःच्या मेलवरून गेला, शब्दन् शब्द त्यांनी सांगितला तसा. माझं पत्र मी नव्याने लिहिलं. आधीचा चौथा की पाचवा मसुदा फाडला, आणि अण्णांचं टेबल, तो बाक, ते प्रश्न, हे सगळं लिहिलं. माझ्या पहिल्या अर्जात यातलं काहीच नव्हतं. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी नुसतं 'खासगी' लिहून मोकळी झाले होते. मॅडमनी ते पत्र वाचलं आणि एकही शब्द बदलला नाही. मग फेब्रुवारी आला आणि त्याने जायचं नाव घेतलं नाही. अण्णा संध्याकाळी पायावर पाणी घेताना आता काही विचारायचे नाहीत. रात्री मात्र ते उठून ओसरीत बसायचे. मी कूस बदलली की त्यांचं खाकरणं ऐकू यायचं, आणि मी जागी आहे हे त्यांनाही कळत असावं. एवढ्या पातळ भिंतीच्या घरात दोन माणसं एकाच काळजीने जागी राहायची आणि एकमेकांना झोपेचं सोंग दाखवायची.

मार्चमध्ये दोन पत्रं आली, एकाच दुपारी. परीक्षा संपवून मी शेडवर गेले होते. बाकावर एक बाई बसली होती, पदरात कागदांची पिशवी धरून. अण्णांनी मला बघून खुर्ची सोडली. मी माझं पत्र आधी उघडलं. ते लहान होतं. फार विचार केला, फार चांगले अर्ज होते, खेदाने कळवतो. मी ते मनात वाचलं आणि अण्णांकडे बघून मान हलवली. ते टेबलाची कड धरून उभे राहिले, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला स्वतःचं दुःख तिथेच खाली ठेवावं लागलं.

"तुम्हालाही आलंय," मी म्हणाले.

"मला?"

त्यांच्या मेलवर ते होतं. प्रवेश कार्यालयातल्या त्याच बाईंचं, पण छापील साच्यातलं नव्हतं. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. तुमचा अर्ज मिळाला. तुमची तिन्ही पत्रं त्याच दिवशी तुमच्या मुलीच्या अर्जातून काढली होती. निर्णय करणाऱ्यांपैकी कुणीही ती वाचलेली नाहीत. तुम्ही मागितलं होतं त्याप्रमाणे, तिचा निर्णय तिच्याच अर्जावरून झाला.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"मंजी माज्यामुळं न्हाई?"

"न्हाई अण्णा. तुमचा अर्ज मंजूर झालाय."

त्यांनी टेबलावरचं निळं फडकं उचलून तोंडावर धरलं आणि भर दुपारी, भर रस्त्यावर ते रडायला लागले. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मला नाकारलं होतं, माझ्या गुणदोषांसकट, माझ्या एकटीच्या नावावर. ते सोसायला मला पुढे बराच काळ लागला. पण त्या घटकेला मला एवढंच वाटलं की बरं झालं, हे माझंच आहे, यांच्या वाट्याला गेलं नाही.

बाकावरची बाई आमच्याकडे टकामका बघत होती. "मंजूर झाला न्हवं?" तिने मला विचारलं. "मंग रडत्यात कशापायी?"

"त्यांना लई दिवस झोप नव्हती, मावशी," मी म्हणाले. आणि अण्णांना बसता यावं म्हणून मी खुर्ची त्यांच्याकडे ओढली.